पाच नद्या, पाच भाषा : तंजावरचे शहाजीराजे

तंजावरच्या उत्तरेस कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु हे प्राचीन क्षेत्र आहे. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा त्या नावाचा अर्थ. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु यांच्या पाण्यावर हा सारा मुलूख पोसला आहे. या पंचनदाच्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या एका मराठी राजाने पाच भाषांना एकाच रंगमंचावर आणले. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात त्याचे स्मरण करणे मला औचित्याचे वाटते.

शहाजीराजे भोसले हे व्यंकोजीराजे व दीपाबाई यांचे ज्येष्ठ पुत्र आणि शिवछत्रपतींचे पुतणे. आजोबांचेच नाव त्यांना लाभले होते.  १६८४ साली राज्याची धुरा खांद्यावर आली, तेव्हा राजे जेमतेम बारा वर्षांचे होते. घरात मराठी, दरबारात नायक राजांपासून चालत आलेली तेलुगू, प्रजेची तमिळ आणि पंडितांची संस्कृत, अशा वातावरणात त्यांची जडणघडण झाली.

तो काळ स्वस्थतेचा नव्हता. १६९० ते १६९८ या वर्षांत मोगलांनी जिंजीला वेढा घातला होता. आत अडकलेल्या राजाराम महाराजांना शहाजीराजांनी साहाय्य केले; पुढे मोगलांना खंडणी देणेही त्यांना भाग पडले. अशा धामधुमीतच, १६९३ साली, त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव शहाजीराजपुरम् या नावाने विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. रामभद्र दीक्षितांसारखे पंडित तेथे नांदले. श्रीधर वेंकटेशांनी राजांच्या चरित्रावर संस्कृत काव्य रचले.

राजे स्वतःही सिद्धहस्त नाटककार होते. १६९०च्या सुमारास त्यांनी रचलेले लक्ष्मीनारायण कल्याण हे मराठीतील आद्य नाटकांपैकी एक मानले जाते. तेलुगू यक्षगानाची धाटणी त्यांनी मराठीस दिली. दरू नावाच्या गीतांतून कथानक पुढे सरकते. तिरुवारूरच्या त्यागेशावर त्यांची निष्ठा होती. त्याच्या सेवेत त्यांनी पल्लकी सेवा प्रबंधमु हे तेलुगू गेयनाट्य वाहिले. पंचभाषाविलास या नाटकात तर चार प्रांतांच्या राजकन्या आपापल्या भाषेत श्रीकृष्णावरील अनुराग व्यक्त करतात. तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या चौघींच्या जोडीला संस्कृत आहेच. तेथे कोणतीही भाषा दासी नाही.

नेमक्या याच सुमारास पॅरिसमध्ये वाङ्मयीन द्वंद्व पेटले होते. १६८०मध्ये चौदाव्या लुईच्या आज्ञेने तेथील नटसंच एकत्र करून राजनाट्यगृह स्थापन झाले. १६८७मध्ये शार्ल पेरो यांनी फ्रेंच अकादमीत एक कविता वाचली आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन साहित्य श्रेष्ठ की आधुनिक फ्रेंच, हा वाद विकोपास गेला. तंजावरच्या राजाने असा निवाडा करण्याऐवजी सर्व भाषांना रंगमंच दिला.

१७१२ साली शहाजीराजे निवर्तले. पुत्र नसल्याने बंधू सरफोजी गादीवर आले. त्यागराजस्वामींचा जन्म १७६७ साली त्याच तिरुवारूरला झाला आणि त्यागेशाचेच नाव त्यांना मिळाले. तिरुवैयारुस राहून त्यांनी नौकाचरित्रमु व प्रह्लादभक्तिविजयमु ही तेलुगू गेयनाटके रचली आणि १८४७ साली तेथेच देह ठेवला.

शहाजीराजांच्या मराठी नाटकांना मात्र अशी परंपरा लाभली नाही. हस्तलिखिते सरस्वती महालात जतन झाली, परंतु महाराष्ट्रास त्यांची वार्ता नव्हती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर सादर केले, तेव्हा मराठी रंगभूमीने जणू पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. दीडशे वर्षांचे संचित पेटाऱ्यात पडून राहिले होते.

मुलाला मराठी शाळेत घालून आपण त्याचे नुकसान तर करीत नाही ना, असे अनेक पालक मला संकोचाने विचारतात. त्या वेळी मला शहाजीराजे आठवतात. इतर चार भाषांच्या सहवासात त्यांची मराठी कोमेजली नाही, उलट नाट्यरूपाने बहरली. ती विस्मरणात गेली, ती पुढच्या पिढीच्या मुखी न पोहोचल्यामुळे. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या मुलांनी अवश्य पाच भाषा शिकाव्यात; त्यांतील एक मराठी असावी, आणि ती घरात रोज बोलली जावी, एवढीच शाळेची अपेक्षा आहे.