रमाबाईंचे दोन प्रवास : विश्वास आणि कृत्य यांच्या संदर्भात

कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरीस येते तेव्हा खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि मुख्य मार्ग बोरघाटाच्या चढणीला लागतो. १८६३ मध्ये हा घाट आगगाडीला खुला झाला. मुंबई आणि देश यांच्यामध्ये माणसे, माल, वर्तमानपत्रे आणि विचार यांची जी ये-जा पुढील काळात झाली, तिला पळसदरी हा उंबरठा होता. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या उंबरठ्यावरून झालेल्या दोन प्रवासांना विशेष अर्थ आहे. पहिला १८९० मधला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईचा खर्च परवडेना म्हणून रमाबाईंनी आपले शारदा सदन पुण्यास नेले. दुसरा १९०० मधला. छप्पनच्या दुष्काळाने होरपळलेल्या गुजरातेतून रमाबाईंच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी शेकड्यांनी मुली गोळा केल्या आणि केडगावास आणल्या. त्या वाटेवरचा शेवटचा मोठा चढ याच घाटाचा. पहिल्या प्रवासात उच्चवर्णीय विधवा व कुमारिकांचा एक लहानसा मेळा होता आणि पाठीशी प्रतिष्ठितांचे सल्लागार मंडळ होते. दुसऱ्यात जातपात विचारण्याचे त्राण कोणात नव्हते आणि मंडळही नव्हते. मधल्या दहा वर्षांत काय घडले हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रमाबाईंविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात एक जुनी अडचण आहे. ज्यांना त्यांचे कार्य मान्य होते त्यांना त्यांचा धर्म अडचणीचा वाटे, आणि ज्यांना त्यांचा धर्म प्रिय होता त्यांनी कार्याला त्या धर्माची पावती मानले. दोन्ही पक्षांनी कृत्य एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे ठेवला. ‘कार्य थोर, पण धर्मांतराचा डाग’ ही आपल्याकडील रूढ मांडणी वर्गात आपण अनेकांनी केली आहे. प्रस्तुत लेखकानेही केली आहे. ती अपुरी का आहे हे रमाबाईंच्या आयुष्याच्या क्रमावरूनच कळते.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्याच रांगेत, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे आपली बाजू शास्त्राधाराने मांडली. लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. जवळचे द्रव्य दानधर्मात, व्रतांत, ब्राह्मणभोजनात गेले. पुण्यसंचय करावा, देव प्रसन्न होईल, अशी या घराची निष्ठा होती आणि ती निष्ठा प्रामाणिक होती हे विसरता कामा नये. परंतु १८७० नंतरच्या दशकातील दक्षिणेच्या दुर्भिक्षाने हे घर उद्ध्वस्त केले. १८७४ मध्ये आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री अर्धपोटी, अनवाणी, हजारो मैल चालले. कृत्यांनी काही मिळवायचे असते या समजुतीचा हा त्यांच्या वाट्याला आलेला पहिला अनुभव.

१८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांच्या सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची ही विधवा पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले. हा सारा भाग सुपरिचित आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघात त्यांचे वास्तव्य होते. तेथील भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले एक गृह दाखविले. समाजाने टाकून दिलेल्या, ‘पतित’ म्हणून हिणवलेल्या स्त्रियांची तेथे सेवा चाले. अशा स्त्रीला घरात घेऊन कोणी तिची शुश्रूषा करते आणि त्याबदल्यात तिच्याकडून प्रायश्चित्ताची थैली मागत नाही, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. हे कशामुळे घडते असे त्यांनी विचारले असता शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. म्हणजे रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्या तत्त्वचर्चेने नव्हे, इतरांच्या सत्कृत्यांचे मूळ शोधताना वळल्या. कृत्य आधी दिसले आणि मग त्यामागचा विश्वास. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात यावर झोड उठली. महात्मा फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये १८८५ मध्ये त्यांचा पक्ष घेतला.

या बाप्तिस्म्याने त्या कोणाच्या आज्ञेत गेल्या असे समजणे चूक ठरेल. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत असताना भगिनी जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मूळातून वाचावा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी शंका घेतल्या, शाकाहार सोडला नाही, पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी आक्षेप घेतला तेव्हा संताप दाबला नाही. क्रूसावरील लॅटिन अक्षरे संस्कृताहून अधिक पवित्र कशी, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. हा संस्कृताचा अभिमान ध्यानात ठेवावा. लेखाच्या अखेरीस तो वेगळ्या रूपात भेटतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभे राहिले. शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे या संस्थेने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती; १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे या घराचे ऋण होते. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे अभिवचन होते आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते.

पळसदरीवरून सदन पुण्यास गेले ते या अवस्थेत. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, रमाबाईंच्या अंतर्यामी एक घालमेल झाली. बाप्तिस्म्यास आठ वर्षे लोटली होती, हाती लोकोपयोगी काम होते, तरीही आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही अशी जाणीव त्यांना छळू लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. दीक्षा घेतलेला धर्मगुरू असूनही आपण आतून मृतच होतो असे सांगणारे ते आत्मवृत्त रमाबाईंना आपलेच वाटले. तारण कृत्यांनी कमावता येत नाही, ते केवळ दान म्हणून स्वीकारायचे असते, हा पौलाचा विचार त्यांना आता पटला. १९०७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी हा बदल सविस्तर सांगितला आहे.

येथे तर्काने पाहिले तर विपरीत अपेक्षा धरावी लागते. कृत्यांनी काही मिळत नाही असे ज्याला पटले, त्याची कृत्ये उणावतील. रमाबाईंच्या बाबतीत उलटे झाले. पहिल्या काळातील काम मर्यादित होते, मोजून केलेले होते, कराराने बांधलेले होते; नंतरचे काम कोणत्याही कराराच्या मापात बसत नाही. वडिलांच्या घरी कृत्य हा पुण्याचा संचय होता. आता ते मिळालेल्या ऋणाची परतफेडही राहिले नाही. ते साध्या कृतज्ञतेचे रूप झाले. नव्या करारात पौल आणि याकोब यांच्यात जो विरोध भासतो (एक म्हणतो विश्वासानेच, दुसरा म्हणतो कृत्यांवाचून विश्वास निर्जीव) त्याचा उलगडा टीकाकारांनी अनेक प्रकारे केला आहे. रमाबाईंनी त्यावर भाष्य लिहिले नाही, पण १८९१ नंतरचे त्यांचे आयुष्य वाचताना तो विरोध जाणवत नाही.

या बदलाची किंमतही पडली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. मुली येऊन बसत. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. या वादात एका बाजूस सनातनीपणा होता हे खरे; पण रानडे-भांडारकरांना त्यात ढकलता येणार नाही. लहान वयाच्या, आश्रित मुलींपुढे उघडे दार हेही एक आमंत्रण असते, आणि तटस्थतेच्या अभिवचनाला ते किती सुसंगत होते हा प्रश्न न्याय्य आहे. रमाबाईंचे उत्तर, आपल्या घरात आपला देव लपवणार नाही, हेही तितकेच सरळ आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते वचनाच्या अक्षरात त्या राहिल्या, पण त्याच्या आशयात पूर्णपणे राहिल्या असे म्हणवत नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: मुली गळाला लावण्यासाठी उभारलेले आमिष हा आरोप पुढच्या घटनांच्या कसोटीवर टिकत नाही. आमिषात हिशेब असतो. १८९७ मध्ये जे घडले त्यात हिशेब दिसत नाही.

त्या वर्षाच्या आरंभी मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. छावण्यांतील मुली पाहून त्यांना आपली वीस वर्षांपूर्वीची भूक आठवली, असे त्यांच्याच दुष्काळविषयक लेखनावरून दिसते. तीनशेहून अधिक मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. ठेवणार कोठे? पुण्यात प्लेग, इतक्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांचा विरोध. बोस्टनचे दहा वर्षांचे साहाय्य संपेल तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे जमीन घेतली होती. त्या उघड्या माळावर गवताच्या झोपड्यांत हा प्रपंच गेला. त्यातून ‘मुक्ति’ उभी राहिली. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह गेल्या असता त्यांनी ही संख्या पंधरापट व्हावी अशी प्रार्थना केली होती, असे चरित्रकार नोंदवितात. श्रद्धावंताला त्यात प्रार्थनेचे फळ दिसेल. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढेच दिसते, की संख्या वाढली तेव्हा दार बंद झाले नाही.

त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या राज्यकर्त्यांच्या पक्षात गेल्या असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र जमेस धरलेले दिसत नाही.

१८९९ मध्ये ‘कृपासदन’ सुरू झाले, ते फुलहॅमला पाहिलेल्या कामाचे केडगावचे रूप. १९०० मध्ये गुजरातच्या मुली आल्या. आश्रमातील वस्ती दीड हजारांच्या वर गेली. यातील कित्येक मुली पहिल्या काही आठवड्यांतच दगावल्या. ज्या जगल्या त्यांना खरूज, डोळे येणे, अन्न लपवून ठेवण्याची सवय, चोरी आणि भय यांसह सांभाळावे लागले. परोपकाराच्या वर्णनात हा भाग सहसा गाळला जातो. अन्न पुरविणे सोपे असते. ज्या मुलीचा माणसावरचा विश्वास उडाला आहे तिच्याशी वर्षानुवर्षे एका घरात राहणे कठीण. येथे विणकाम, तेलाची घाणी, दुभती जनावरे, शेती, विहिरी, छपाई असे उद्योग उभारले गेले आणि ते स्त्रियांनीच चालविले. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल आत्मसात करून शाळा चालविली. ठराविक उत्पन्नाची हमी नव्हती. जॉर्ज म्यूलरच्या उदाहरणाने रमाबाईंनी प्रार्थनेवर भिस्त ठेवली होती. व्यवहारदृष्ट्या हे धाडस होते आणि ते नेहमी अनुकरणीय म्हणता येणार नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या सर्वांत अधिक मोलाचे वाटावे असे कृत्य म्हणजे बायबलचे भाषांतर. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून ते जवळजवळ दीड तप चालविले. तोवर उपलब्ध असलेले मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील स्त्रीला ते उमजत नाही आणि त्यातील पारिभाषिक शब्द वेदान्ताचे अर्थ सोबत घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांना अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते असे सांगितले जाते, ज्यांनी लॅटिन अक्षरांपुढे संस्कृताची बाजू घेतली, त्याच पंडितेने आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले. विद्येचा हा त्याग जाणीवपूर्वक केलेला होता. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीच्या, तुकोबांच्या वाटेने मराठीत आणली. रमाबाईंनी ती वाट नाकारली आणि रांधणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांच्या बोलीकडे वळल्या. वाङ्मयगुणाच्या दृष्टीने टिळकांचा मार्ग सरस ठरला यात शंका नाही. मूळाला शब्दशः धरून राहण्याच्या आग्रहामुळे रमाबाईंच्या भाषांतराचा ओघ अनेकदा अडखळतो. तरीही त्याचे मूल्यमापन केवळ शैलीच्या निकषावर करणे योग्य होणार नाही, कारण ते कोणासाठी केले हा त्याच्या शैलीचाच भाग आहे. भुकेल्यापुढे पान वाढताना ते त्याच्या हाताला येईल असे वाढावे लागते.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. सारी उमेद जिच्यावर होती ती मुलगी गेल्यावरही रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात झाली. तेथे खिळे जुळविण्यापासून पाने बांधण्यापर्यंतचे काम आश्रमातील स्त्रियांच्या हातून होत असे, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणी दुष्काळाच्या साली तेथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.