किर्लोस्करवाडीत आपल्या धंद्यांसाठी काय आहे?

मालाडच्या मालवणीत, कुरारमध्ये आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आज छोटे धंदे करतात. वडील मालक, मुलगा गल्ल्यावर, हिशोब तोंडी. धंदा वाढला की घरात भांडणे सुरू होतात. अशा तरुणांसाठी आम्ही उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र थोडक्यात मांडत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. कला शाळेत शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बढतीत डावलल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भाऊ रामूअण्णांसोबत आधी सायकलचे दुकान चालवले, पुढे लोखंडी नांगर बनवले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

धंदा भावांचा होता, पण सगळी कामे घरातच ठेवली नाहीत. हिशोब मंगेशराव रेगे बघत. शाळा अर्धवट सुटलेल्या अनंतराव फळणीकरांना हुशारी बघून यंत्रांचे काम दिले. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली आणि घरचा पैसा व कंपनीचा पैसा कायद्याने वेगळा झाला. मुलगा शंतनुरावही कारखान्यात आले ते १९२६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीची पदवी घेऊन.

लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. तुरुंगवास भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना पहारेकरी नेमले. त्या काळात हे धाडसच होते. तरीही हिशोबाच्या वहीवर कोण आणि फाटकावर कोण, हे आपल्या नजरेतून सुटू नये. नात्याचे कुंपण ओलांडले गेले, जातीची उतरंड मात्र पूर्ण मोडली नाही.

धम्मदीक्षेच्या १८ दिवस आधी, २६ सप्टेंबर १९५६ रोजी, लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आपली शिकलेली मुले आजही घराणेशाहीच्या कंपन्यांबाहेर ताटकळतात. तिथे गुणवत्तेवर भरती मागताना आपल्या दुकानातही तोच नियम हवा. घराचे आणि धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा. भावाचा, बायकोचा पगार ठरवून लिहा. हिशोब जाणकाराकडे द्या. आणि जबाबदारीची जागा भरताना, मुलगा असो की मुलगी, काम येते का तेवढेच बघा.