बेळगावातून उठलेला कारखाना, कुंडलच्या माळावर वसलेलं गाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावहून पुण्याकडे रेल्वेनं निघालात की मिरज, सांगली मागे पडते आणि थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी स्टेशन येतं. एका कुटुंबाचं नाव या स्टेशनाला कसं मिळालं, ते पाहायचं तर गोष्ट बेळगावातूनच सुरू करावी लागते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांना ओढ चित्रकलेची. त्यासाठी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले, पण तिथं लक्षात आलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकला सुटली. मग त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी पत्करली. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची. पण लक्ष्मणरावांचं मन शेतीच्या अवजारांत होतं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी काही तयार होईनात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं ज्यांनी वापरले त्यांच्या शेताकडं बघून इतरांनी मागणी केली आणि कारखाना जरा कुठं उभा राहू लागला.

तेवढ्यात नगरपालिकेनं नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं? लक्ष्मणराव तेव्हा औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचे स्नेही. त्यांनी बिनव्याजी कर्ज दिलं आणि आपल्या संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागाही दिली. जागा म्हणजे कसली, निवडुंगानं भरलेला माळ! साप-नागांचा सुळसुळाट, पाण्याची ओरड. मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथं आले. फायदा एकच होता: रेल्वे दारातच होती. कच्चा माल तिथंच उतरायचा आणि तयार नांगर तिथूनच गावोगाव जायचे.

कारखाना तर उभा राहिला, पण लक्ष्मणरावांना गाव वसवायचं होतं. घरं बांधली, निवडुंग काढून झाडं लावली, मुलांसाठी शाळा काढली. कारभाराची बाजू रामूअण्णांनी सांभाळली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना इथं रखवालीचं काम मिळालं. ज्यांना लोक घाबरायचे, त्यांच्याच भरवशावर वाडी रात्री निवांत झोपू लागली.

याच वाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केलं. आधी ‘किर्लोस्कर खबर’, पुढं नुसतं ‘किर्लोस्कर’. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगर शेतकऱ्याच्या बांधावर पोचला, तशी ही मासिकं महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही पोचली.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. वाडी आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर अवघ्या ३६ दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. त्यांचं जन्मगाव आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यांनी वसवलेलं गाव मुंबई राज्यात राहिलं. एकाच माणसाच्या आयुष्यातली ही गावं दोन राज्यांत विभागली गेली, ते बघायला मात्र ते नव्हते.

बेळगावच्या हातून त्या वेळी एक कारखाना गेला. पण तो उचलून नेणारी ती पंचवीसेक कुटुंबं बेळगावातूनच निघाली होती. किर्लोस्करवाडीच्या इतिहासाचं पहिलं पान बेळगावचं आहे, एवढं आपण सीमाभागातल्यांनी तरी लक्षात ठेवायला हवं.