विश्लेषण : थिबा पॅलेसने कोणता राजा दाखवावा?

रत्नागिरीच्या ज्या वाड्यात इंग्रजांनी एका राजाला नजरकैदेत ठेवले, तो आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे थिबाची कोणती गोष्ट सांगायची, हा प्रश्न नागरिकांचाही आहे.

थिबा कोण होता?

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. जन्म १८५९, मंडाले. वडील मिंडॉन यांच्यानंतर १८७८ मध्ये तो विशीच्या आतच गादीवर आला. पुढच्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा ऐंशीच्या आसपास आप्तांची हत्या झाली.

तो रत्नागिरीत कसा आला?

सागवानाचा व्यापार करणाऱ्या बॉम्बे बर्मा कंपनीला मंडाले दरबाराने मोठा दंड ठोठावला. ते निमित्त करून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये चढाई केली आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. राजा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रेल्वे नसलेले हे दूरचे बंदर इंग्रजांना सोयीचे होते. १८५८ मध्ये त्यांनी बहादूरशहा जफरला रंगूनला धाडले होते. हा त्याच्या उलटा प्रवास.

वाड्यात तो किती काळ राहिला?

अवघी सहा वर्षे. त्याआधीची चोवीस वर्षे बंगल्यांत गेली. तनखा पुरेना, तेव्हा जवळची माणके विकावी लागली. १९१० मध्ये कुटुंब नव्या वाड्यात आले. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला; त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येला वाड्याच्या दरवानापासून झालेली मुलगी मात्र रत्नागिरीतच, मराठी बोलत, गरिबीत जगली. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये समाधीवर आले, तेव्हा ही आठवण दोन देशांची ठरली.

संग्रहालयाने काय करावे?

थिबावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही, तरी तीस वर्षांची कैद झाली. त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या आप्तांनाही न्याय मिळाला नाही. एक बाजू झाकली तर तो नुसता बिचारा राजा उरतो, दुसरी झाकली तर नुसता जुलमी. दोन्ही बाजू, आणि सोबत त्या नातीची गोष्ट, एकाच दालनात मांडता येईल. मग सहलीला आलेली मुले वाडा पाहून निघताना विचारतील : खटल्याविना माणसाला कोंडण्याचा अधिकार कोणाला असावा? राजाला, साम्राज्याला, की आज निवडून दिलेल्या सरकारलाही नाही?