अण्णा भाऊंचा डफ कोणाचा?

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात तमाशाला नेहमी दाराबाहेर उभे केले गेले. ढोलकी वाजवणारे हात, घुंगरू बांधणारे पाय आणि डफावर थाप मारून गाणारे गळे बहुतांशी महार-मांगांचे. प्रतिष्ठा मात्र मिळाली ती सभागृहातल्या संगीत नाटकाला. ज्यांनी कला जिवंत ठेवली ते हलके ठरले आणि त्यांची कला अश्लील ठरली. हा निवाडा जातीचा होता, कलेचा नव्हता. तो उलथवून टाकण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अण्णा भाऊ साठे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात वाटेगावी एका मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली मांगांना जन्मतःच चोर ठरवले होते. पोलिसांपुढे हजेरी लावण्याची सक्ती त्यांच्या डोक्यावर होती. शाळेचा तर अण्णा भाऊंना जेमतेम दीड दिवस लाभ झाला. पोट भरण्यासाठी वडिलांचा हात धरून ते पायी मुंबईला आले. हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरे वाचत अक्षरओळख करून घेतली. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून याच माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

अण्णा भाऊंनी तमाशा पुस्तकातून ओळखला नव्हता. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते वावरले, वाद्यांवर हात बसवला, सोंगाड्याची हजरजबाबी भाषा अंगी बाणवली. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हा हे सारे भांडवल त्यांच्या उपयोगी पडले. त्यापूर्वीच त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. पोवाड्याची ताकद काय असते? ना पडदा, ना रंगभूषा. एक शाहीर, हातात डफ, मागे झीलकरी आणि समोर हजारो कामगार. राजा-सरदारांच्या पराक्रमाचे गुणगान करणारे हे माध्यम अण्णा भाऊंनी गिरणी कामगाराच्या, बंगालच्या भुकेल्या माणसाच्या स्वाधीन केले.

तमाशात त्यांनी केलेला बदल तर मुळावर घाव घालणारा होता. परंपरेने तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणाने होई, मग कृष्णाची गौळण येई. अण्णा भाऊंनी गणातून गणपतीला रजा दिली आणि त्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना व श्रमिकांना वंदन केले. गौळण काढून टाकली. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण मालकाच्या तोंडावर सत्य बोलण्याची मुभा गावगाड्यात त्या एकट्यालाच होती. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' या वगांतून शेतकरी आणि कामगार आपल्याच बोलीत व्यवस्थेला जाब विचारू लागले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या तमाशाला लोकनाट्य म्हटले आणि प्रयोग चालू ठेवले. पुढे पांढरपेशा रंगभूमीने लोकनाट्य हा शब्द अभिमानाने मिरवला, पण तो कोणाच्या लढ्यातून रुजला हे सांगायला ती सोयीस्करपणे विसरली!

'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची लावणी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घराघरांत पोहोचली. शृंगारासाठी बदनाम केलेल्या लावणीने विरहाच्या भाषेत मुंबई, बेळगाव, कारवारचे दुःख सांगितले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. ज्यांच्या कंठातून त्याची हाक गेली, त्यांच्या वाट्याला काय आले? १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले ते हलाखीतच.

अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीत वाढले, हे कोणी नाकारू नये. पण जातीचा प्रश्न त्यांच्या लेखणीतून कधी सुटला नाही. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन त्यांनी केले आणि ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-श्रमिकांच्या तळहातावर उभी असल्याचे ठणकावून सांगितले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी रचलेल्या गीतात जग बदलण्याचा आदेश भीमरावांकडूनच घेतला. १९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या मांगांना सरकारी दप्तराने गुन्हेगार ठरवले, त्यांच्यातलाच एक जण भुकेल्यांसाठी लढणारा नायक म्हणून मराठी कादंबरीत उभा राहिला. 'वैजयंता'त त्यांनी तमाशात नाचणाऱ्या स्त्रीला माणूस म्हणून उभे केले.

आज अण्णा भाऊंच्या नावाची कमतरता नाही. २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण पुतळा गात नाही. त्यांची लोकनाट्ये किती गावांत होतात? आणि जयंती येते तेव्हा काय दिसते? १ ऑगस्ट मातंगांची, १४ एप्रिल बौद्धांची, अशी महापुरुषांची वाटणी! २०२४ साली नेमक्या १ ऑगस्टलाच सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा अधिकार राज्यांना मान्य केला. त्यावर दोन्ही बाजूंनी जरूर बोलावे; मागे राहिलेल्या जातीचे दुखणे खरे आहे आणि फुटीची भीतीही खरी आहे. परंतु या वादात अण्णा भाऊंना बाबासाहेबांविरुद्ध उभे करण्याचा डाव जे खेळतात, त्यांनी 'फकिरा'ची अर्पणपत्रिका उघडून पाहावी.

सत्यशोधक जलशाने आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने जी वाट पाडली, त्याच वाटेवर अण्णा भाऊंचा डफ वाजला. या जलशांना जात पुसून श्रोते जमवावे लागले नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, येत्या १ ऑगस्टला डीजेच्या भिंती उभारण्याऐवजी बौद्ध आणि मातंग वस्तीतल्या पोरांनी मिळून एक लोकनाट्य बसवावे. हलगी एकाने धरावी, ढोलकी दुसऱ्याने. जी कला व्यवस्थेने आपल्यावर लादलेली नीच खूण म्हणून दाखवली, तीच आपली ओळख म्हणून ताठ मानेने सांगता आली, तर अण्णा भाऊंचा डफ कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारणार नाही.