शर्यतीआधी हात मिळवणारा

एरिक लिडेल यांचा जन्म १९०२ साली चीनमधील तिएनत्सिन येथे, स्कॉटिश मिशनरी घराण्यात झाला. ते प्रॉटेस्टंट होते. तरी आपल्या धर्मग्रामातील खेळाडू मुलांना त्यांची ओळख व्हावी असे आम्हांला वाटते.

त्या काळी धावपटू पाय रोवण्यासाठी खुरप्याने खड्डे खणत. लिडेल आपले खुरपे इतरांना देत आणि शर्यतीआधी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवत. हा नुसता शिष्टाचार नव्हता, असे आमचे मत आहे. ज्याचा हात हाती घेतला, त्याची भीती किंवा राग मनात कसा टिकणार?

१९२३ साली स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून ते पडले. बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले. लिडेल उठले, धावले आणि जिंकले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली. मग ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले.

पुढे ते चीनमध्ये मिशनरी झाले. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेईशिएनच्या छावणीत डांबले. तेथे पहाटे, इतर झोपेत असताना, शेंगदाणा तेलाच्या दिव्याजवळ एका सोबत्यासह ते बायबल वाचत, प्रार्थना करीत. रविवारी पंच नसल्याने मुले खेळताना भांडू लागली, तेव्हा रविवार पाळणारे हेच लिडेल पंच म्हणून मैदानात उतरले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले. छावणी ऑगस्टमध्ये मुक्त झाली.