काचेच्या ग्लासावरची सही खरी असली, तरी भाव ठरवताना घाई करू नका. कारण आहे फ्रेडरिक कार्डर

जुन्या क्रिस्टल ग्लासांचा सेट विकायला निघाला की जाणकार माणूस पहिल्यांदा काय करतो? ग्लास उलटा करतो. तळाला कुणाची खूण आहे ते बघतो. अमेरिकेत तिथं स्टूबेन हे नाव दिसलं, की भाव लगेच चढतो.

हे नाव मोठं करणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक कार्डर.

त्याचा जन्म १८६३ सालचा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा. घरचा धंदा मातीच्या भांड्यांचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा कारखान्यात लागला. दिवसा काम आणि रात्रशाळेत चित्रकला, रसायनशास्त्र. पुढे त्यानं जॉन नॉर्थवूडनं बनवलेली पोर्टलंड व्हासची हुबेहूब प्रतिकृती पाहिली आणि ठरवलं, आता काचच.

नॉर्थवूड हा ॲसिडनं काचेवर नक्षी काढण्यातला बाप माणूस. त्यानं त्यासाठी यंत्रंही बनवली होती. त्याच्याच ओळखीनं कार्डर १८८० साली स्टीव्हन्स अँड विल्यम्स या काच कंपनीत लागला.

ही नक्षी निघते कशी? काचेवर मेणासारखा थर चढवतात. जिथं नक्षी हवी तिथला थर सुईनं खरवडतात आणि काच हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतात. उघडी राहिलेली काच ॲसिड खातं, थराखालची वाचते. म्हणूनच अशी रेघ सगळीकडे सारख्या खोलीची आणि धुरकट दिसते. चाकावर कोरलेल्या नक्षीत मात्र खोली कमी-जास्त होते. भिंगाखाली हा फरक कळतो.

१९०३ साली कार्डर अमेरिकेतल्या कॉर्निंगला गेला. तिथले थॉमस हॉक्स क्रिस्टलवर नक्षी कोरून विकायचे, त्यांना कोऱ्या काचेची गरज होती. दोघांनी स्टूबेन ग्लास वर्क्स काढलं. म्हणून हॉक्सची खूण असलेल्या ग्लासाची काच स्टूबेनची असू शकते.

पण कार्डर कोऱ्या काचेवर थांबणारा नव्हता. त्यानं सोनेरी झळाळीची ऑरीन काच आणली. १९१३ साली टिफनीनं त्यावरून खटला भरला, पण तो पुढं मागे घेतला गेला. कार्डरनं हजारो आकार आणि शंभराहून अधिक रंग काढले.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१८ साली स्टूबेन कॉर्निंग ग्लास वर्क्सकडे गेली. त्याच युद्धात कार्डरचा मुलगा सिरिल मारला गेला.

पुढचा घाव मंदीत बसला. १९३३ साली कंपनीची सूत्रं आर्थर ह्यूटन या तरुणाकडे आली. त्याला रंग नको होते, फक्त स्वच्छ पारदर्शक क्रिस्टल हवं होतं. कार्डरची रंगीत काच बंद झाली आणि शिल्लक मालातल्या कितीतरी वस्तू चक्क फोडून टाकल्या गेल्या.

सत्तरीतल्या कार्डरनं मात्र काम सोडलं नाही. मेणाचा साचा वितळवून काच ओतायच्या पद्धतीत तो रमला. नव्वदी ओलांडल्यावरच त्यानं स्टुडिओ बंद केला.

आणि इथंच खरी गंमत झाली. तोवर संग्राहक त्याची जुनी काच शोधू लागले होते. वस्तू घेऊन ते त्याच्याकडे यायचे आणि तो त्यावर सही कोरून द्यायचा. म्हणजे सही खरी, पण ती वस्तू घडली त्यानंतर कितीतरी वर्षांनी केलेली.

त्यात नकली खुणांची भर. काचेवर ॲसिडचा शिक्का मारणं फारसं अवघड नसतं. उलट काही अस्सल ग्लासांवर फक्त कागदी लेबल होतं, ते केव्हाच निघून गेलं.

म्हणून जाणकार खुणेआधी ग्लास बघतात. आकार जुन्या कॅटलॉगमधल्या रेखाचित्रांशी जुळतो का? तळाच्या टेकणाऱ्या कडेवर वेड्यावाकड्या बारीक चरा आहेत का? खूण त्या चरांच्या वर मारल्यासारखी दिसत असेल तर सावध व्हा. टिचकीचा गोड नाद शिसं असलेल्या क्रिस्टलचा अंदाज देतो, पण कारखाना सांगत नाही. काठावरचा टवका किंवा घासून बुटकी केलेली कड भाव पाडते, आणि पूर्ण सेट सुट्या ग्लासांपेक्षा जास्त मोल आणतो.

कार्डर १९६३ साली, वयाची शंभरी पूर्ण करून गेला. एकेकाळी नकोशी म्हणून फोडलेली त्याची काच आज कॉर्निंगच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.